वॉशिंग मशीनच्या पाइपचा जोड गळतो, टेप लावूनही थांबत नाही

मेघना_वारजे · शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं वॉशिंग मशीन बाल्कनीत आहे. त्याचा पाण्याचा पाइप नळाला जिथे बसतो तिथून पाणी ठिबकतं. प्लंबर आले, नळाच्या आट्यांवर भरपूर टेप गुंडाळून गेले. काही दिवस कोरडं राहिलं, मग परत सुरू. पुन्हा बोलावलं तर त्यांनी आणखी टेप लावली आणि पान्याने करकचून आवळलं. आता आधीपेक्षा जास्त गळतंय.

इमारत अकरा मजल्यांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. टाकी गच्चीत. नळ पितळी आहे, वर क्रोम. नळाच्या तोंडालाच आटे आहेत, त्यावर पाइपचा प्लास्टिकचा नट फिरवून बसतो. एक गोष्ट लक्षात आली: दिवसा कमी ठिबकतं, रात्री जास्त. रात्री खाली ठेवलेला दोन लिटरचा डबा सकाळी जवळजवळ भरलेला असतो.

खालच्या काकूंच्या बाल्कनीच्या छताला ओल आली आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते बघवत नाही. त्यामुळे यावेळी नीट समजून घेऊनच दुरुस्त करायचंय. पाइप बदलू, नळ बदलू, की आणखी काही?

शिरीष_के · शनिवार, सकाळी ९:३५

पाइप जुना असेल तर सरळ नवा आणा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. वेळ वाचेल.

रेवती_ना · शनिवार, सकाळी ९:५०

हिशोब करून पाहिला. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ४.३ लिटर जातात, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाचं अकरा-बारा दिवसांचं पाणी एका जोडातून गेलं. मेघना, तुझ्याकडे तर याहून जोरात गळतंय. लवकर मनावर घे.

नाना_फिटर · शनिवार, सकाळी १०:२०

मेघनाताई, अजून काही विकत आणू नका. माझं आयुष्य कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये पाइप जोडण्यात गेलं. तुमचं वर्णन वाचून नळी फुटल्यासारखी वाटत नाही. जोडाचा प्रकार ओळखण्यात गल्लत झालेली दिसते.

पाण्याचे आट्यांचे जोड दोन जातींचे असतात. एकात पाणी आट्यांवर अडतं. भिंतीतल्या एल्बोमध्ये नळ बसतो, निपल सॉकेटमध्ये जातो, ते या जातीचे. तिथे आटे एकमेकांत घट्ट होत जातात आणि राहिलेली फट टेपने भरते. दुसऱ्या जातीत पाणी वायसरवर अडतं. वॉशिंग मशीनचा पाइप, गीझरचा कनेक्शन पाइप, बेसिनखालचा पाइप, संडासातल्या जेटची नळी, हे सगळे या जातीचे. या नटाच्या आत सपाट रबरी वायसर असतो आणि नळाच्या तोंडाची सपाट कड त्यावर दाबून बसते. इथे आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. पाणी अडवायचं काम त्यांचं नाहीच, ते मुद्दाम सैल कापलेले असतात.

आता अशा जोडावर टेप लावली की काय होतं? जाड थरामुळे नट अर्ध्यातच घट्ट लागतो. हाताला वाटतं जोड बसला, पण आत वायसर आणि नळाची कड यांच्यात फट तशीच असते. पाणी टेपच्या थरांतून वाट काढायला काही दिवस घेतं, तेवढे दिवस कोरडं दिसतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं. त्यावर पान्याने आवळलं की प्लास्टिकचा नट ताणला जातो, कधी चिरतो, आणि वायसर एका बाजूला कापला जातो.

रात्री जास्त गळतं, ही फार कामाची माहिती दिलीत. टाकी गच्चीत, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. मधे नऊ-दहा मजले, मजल्याला तीन मीटर धरले तर साधारण तीस मीटर उंचीचं पाणी तुमच्या नळावर उभं आहे. दहा मीटरला एक किलो प्रेशर, म्हणजे तीन किलो. दिवसा सगळी इमारत पाणी वापरते, वाहत्या पाण्याचं प्रेशर वाटेत घासून कमी होतं. रात्री सगळे नळ बंद, त्यामुळे पूर्ण तीन किलो तुमच्या वायसरवर. तीन किलो हे काही फार नाही. चांगला वायसर ते वर्षानुवर्षं धरतो.

नाना_फिटर · शनिवार, सकाळी १०:४५

आधीच्या प्रतिसादात राहिलं. सोडवण्याआधी पाणी नेमकं कुठून निघतं ते पक्कं करा. पाणी पाइपवरून ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या वळणावर थेंब पडतो, म्हणून जिथे थेंब पडतो तिथे गळती आहे असं धरू नका.

सगळं कोरडं पुसा. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. एक पट्टी नळाच्या हँडलखाली गुंडाळा, एक नळ भिंतीत शिरतो तिथे, एक पाइपच्या नटाखाली, एक पाइप जिथे पत्र्याच्या कड्यात दाबून बसवलेला असतो तिथे, आणि एक मशीनच्या मागच्या नटापाशी. नळ उघडा, मशीन बंदच ठेवा. अर्ध्या तासाने बघा. सगळ्यात वरची ओली पट्टी खरी. त्याखालच्या पट्ट्या ओघळाने भिजतात.

हँडलखालची पट्टी विसरू नका. नळाचं तोंड मोकळं असतं तेव्हा आतला जिभेचा वायसर पाणी अडवतो आणि त्यापुढे प्रेशर राहतच नाही, त्यामुळे हँडलच्या दांडीपाशी गळायला पाणीच नसतं. मशीन जोडलं की नळ उघडा आणि पुढचं तोंड मशीनच्या व्हॉल्व्हने बंद, अशी स्थिती तासन्‌तास राहते. मग सगळं प्रेशर दांडीच्या पॅकिंगवर येतं. तिथून निघालेलं पाणी नळावरून ओघळून नटाशी येतं आणि लोक बिचाऱ्या नटाला आवळत बसतात.

सुजाता_डोंबिवली · शनिवार, सकाळी ११:३०

नानाकाका, माझ्याकडे चार स्क्रूंचा तो पांढरा अ‍ॅडॉप्टर आहे, साध्या नळाच्या तोंडावर दाबून बसवतात तो. तो पण गळतो. त्यालाही वायसरचाच नियम का?

नाना_फिटर · शनिवार, दुपारी १२:०५

हो ताई. त्यात आत जाड रबर असतं, ते नळाच्या तोंडाच्या कडेवर सपाट दाबलं गेलं पाहिजे. चार स्क्रू फक्त पकड देतात. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की अ‍ॅडॉप्टर तिरका बसतो आणि रबर एका बाजूने उचललं जातं. अ‍ॅडॉप्टर एका हाताने वर दाबून धरा, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. मग खालची रिंग फिरवा.

पण खरं सांगतो, हा प्रकार तात्पुरताच समजा. नळाचं तोंड निमुळतं असेल तर स्क्रू घसरतात, आणि मशीन थरथरलं की ते हळूहळू सैल होतात. एखाद्या दिवशी पाइप सुटून धार लागते आणि आपण घरात नसतो. वॉशिंग मशीनसाठीचा आट्यांचा नळ वेगळा मिळतो, पाऊण इंची तोंडाचा. तो बसवून घ्या. तो नळ भिंतीत बसतो तिथे मात्र टेप हवी, कारण तो जोड पहिल्या जातीचा.

दिनकर_सांगली · शनिवार, दुपारी १:१५

टेपपेक्षा सफेदा-सूत. आमच्या जुन्या घरात आजोबांच्या वेळची जीआय लाइन होती. सूत आट्यांत भरून त्यावर सफेदा. कधी थेंब पडलेला आठवत नाही. आताची टेप म्हणजे नुसती घाई.

नाना_फिटर · शनिवार, दुपारी २:००

दिनकरराव, सुताबद्दल मान्य. सूत पाण्याने फुगतं आणि फट आपोआप भरते, लोखंडी लाइनीला ते उत्तमच होतं. पण दोन अडचणी आहेत. सफेदा म्हणजे मुळात शिशाचा क्षार. शिसं पोटात जाणं लहान मुलांना सगळ्यात घातक, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या लाइनीला तो नकोच. दुसरं, आता घरोघरी सीपीव्हीसी आहे. तेल असलेले लेप त्या प्लास्टिकला हळूहळू चिरा पाडतात. त्यात सूत भरून आवळलं तर प्लास्टिकचं सॉकेट उभं फाटतं आणि ते भिंतीच्या आत असतं. लोखंड ते सहन करतं, प्लास्टिक करत नाही.

टेपलाही शिस्त आहे. आटे ब्रशने साफ करून कोरडे करा. तोंडाकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळा, म्हणजे फिरवताना ती आत खेचली जाते. उलटी गुंडाळली तर गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर तुकडे पाण्याबरोबर वाहत जाऊन मशीनच्या जाळीत अडकतात. बाजारातली टेप पातळ असते, त्यामुळे पितळी नळाला आठ-दहा वेढे लागतात. प्लास्टिकच्या आट्याला त्याच्या निम्म्याहून कमी.

मेघना_वारजे · शनिवार, रात्री ८:४०

नानाकाका, पट्ट्यांचा प्रयोग केला. नटाखालची पट्टी चिंब. भिंतीजवळची कोरडी. हँडलखालची थोडीशी दमट, पण ती बाल्कनीतल्या हवेने की खरंच गळतीने ते कळेना.

नळ बंद केला, मशीनचा प्लग काढला, नट सोडवला. आत टेपचे दोरे वायसरवर आडवे पडलेले होते. वायसर काळा, कडक झालेला, नखाने दाबत नाही. एका बाजूने कापल्यासारखा. नटाला चीर दिसत नाही. नळाच्या तोंडाची कड बोटाने तपासली, एका ठिकाणी पांढरा खडबडीत थर आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं.

दुकानात जाऊन काय मागू? "पाऊण इंची वायसर" एवढं पुरे का?

नाना_फिटर · शनिवार, रात्री ९:१५

जुना वायसर बरोबर न्या आणि त्यावर ठेवून मोजून घ्या. वॉशिंग मशीनच्या पाइपचा पाऊण इंची, अर्धा इंची नको. इंचाच्या मापात लोक फसतात: अर्धा इंची आट्याचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजला तर जवळपास २१ मिलिमीटर भरतो आणि पाऊण इंचीचा साडेसव्वीस. माप पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेलं आहे, म्हणून पट्टी लावून "हा तर एक इंची" असं ठरवू नका. रबर मऊ, जाडसर आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत बघून घ्या. दोन-चार जास्तच आणा, स्वस्त असतात.

पांढरा थर क्षाराचा आहे. ती कड साफ झाल्याशिवाय नवा वायसरही टिकणार नाही. घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यातूनच पाणी जातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात चमचाभर विरघळवा, कापडाची चिंधी भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळून ठेवा. थोड्या वेळाने थर भुसभुशीत होतो, कापडाने निघतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, ते क्रोम आणि पितळ दोन्ही खातं.

मग आट्यांवरची सगळी टेप काढा. वायसर नटात सपाट बसवा, एकच. नट हाताने फिरवा, पहिले दोन आटे सहज जायला हवेत. अडखळला तर आटे वाकडे चढतायत, उलट फिरवून पुन्हा लावा. हाताने पूर्ण घट्ट झाल्यावर पान्याने फक्त पाव फेरा. नट फिरवताना दुसऱ्या हाताने पाइप धरून ठेवा, म्हणजे त्याला पीळ बसणार नाही. पीळ बसलेला पाइप नटाला सतत उलट फिरवायला बघतो.

मशीनच्या बाजूचा नटही एकदा सोडवा. तिथे बारीक जाळी असते, ती पकडीने हळूच ओढून नळाखाली धुवा. टेपचे तुकडे नक्की सापडतील. तिथला आटा प्लास्टिकचा आहे, तो फक्त हातानेच आवळा.

जयंत_एडिसन · रविवार, पहाटे ४:३०

इकडून एक सावधगिरीचा मुद्दा. न्यू जर्सीहून भारतात परत जाणारे बरेच जण इथले स्टीलच्या जाळीचे वॉशिंग मशीनचे पाइप सामानात घेऊन जातात. ते भारतातल्या नळाला बसत नाहीत. दिसायला दोन्ही पाऊण इंची, पण अमेरिकेत त्या पाइपला बागेच्या नळीचा आटा असतो, इंचाला साडेअकरा आटे. भारतात बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचा आटा, इंचाला चौदा. एक-दीड फेरा जातो, मग अडतो, आणि जोर केला की नळाचे आटे कायमचे जातात. माझ्या भावाकडे असं झालं आणि नळच बदलावा लागला.

अपर्णा_लंडन · रविवार, दुपारी १:२०

जयंत, ब्रिटनमधल्या मशीनचे पाइप मात्र भारतात चालतात. इथेही पाऊण इंची बीएसपीच आहे. आईच्या घरी इथला पाइप विनासायास बसला.

प्रसाद_धायरी · रविवार, दुपारी ४:१०

विषय थोडा पुढे नेतो, कारण हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. आपण सगळे गळती म्हणजे पाणी *वाया जाणं* एवढंच धरतोय. जिथे चोवीस तास पाणी नाही तिथे गळणारा जोड पाणी आत ओढतो सुद्धा.

आमच्या गल्लीत बैठी घरं आहेत. पाणी ठराविक वेळ येतं. अनेक घरांचे पाइप रस्त्याकडेच्या गटाराला लागून, काही तर गटारातूनच गेलेत. पाणी असताना जोडातून बाहेर ठिबकतं. पाणी गेलं की लाइन उताराकडे रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि त्याच भेगेतून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर पहिली धार तेच घेऊन येते. कुणी थेट लाइनीला मोटर लावली तर हा ओढा आणखी वाढतो, आणि फटका शेजारच्या घरालाही बसतो. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे सगळे अशाच पाण्यातून येतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले आणि दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं, तेव्हापासून आमच्याकडे लोक हे गांभीर्याने घेऊ लागलेत.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती. बाल्कनीतला थेंब एक वेळ चार दिवस थांबेल. जमिनीलगत, गटाराजवळ, मोरीच्या पाण्यात बुडालेला जोड त्याच दिवशी दुरुस्त करा. आणि शक्य असेल तर पाइप गटाराच्या वर, भिंतीला पट्ट्या मारून उचलून घ्या.

सुजाता_डोंबिवली · रविवार, दुपारी ४:४०

प्रसाद, हे इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या चाळीच्या ग्रुपवर पाठवते. पहिली धार भरून न घेणं, निदान एवढं तरी सगळ्यांना आजपासून करता येईल.

नाना_फिटर · रविवार, संध्याकाळी ५:३०

प्रसादने लाख मोलाचं लिहिलंय. मोटरच्या ओढण्याच्या बाजूचा जोड तर आणखी फसवा. तो बाहेर कधीच ओला दिसत नाही, कारण तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मोटर चालते, आवाज करते, पाणी मात्र तुटक येतं. दाढीचा फेस जोडाभोवती लावा आणि मोटर चालू करा. जिथे फेस आत खेचला जातो तिथे भेग.

बाळासाहेब_कराड · रविवार, रात्री ८:००

आमच्याकडे गोठ्याला आणि परसबागेला काळी नळी आहे. नळाच्या निपलवर नळी चढवून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधतो. झाडांना पाणी घालायला चालतं. पण घरात जलजीवनची नळजोडणी आल्यापासून त्याच नळाला नळी लावतो आणि ती पट्टी सुटते. काय करावं?

नाना_फिटर · रविवार, रात्री ८:३५

बाळासाहेब, ट्यूबची पट्टी उन्हात कडक होते आणि ताण सोडते. पत्र्याची स्क्रूवाली क्लिप घ्या, नळीच्या बाहेरच्या मापाची. नळीचं टोक सरळ कापा, कडक उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरा, मऊ झालं की निपलवर शेवटपर्यंत चढवा. क्लिप टोकाशी लावू नका, निपलच्या खाचांच्या वर येईल अशी मागे लावा. मोटरचं प्रेशर असेल तर दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. आणि नळी गोठ्यातल्या हौदात बुडवून ठेवू नका, प्रसादने सांगितलेला ओढा तिथेही लागू आहे. तोंड पाण्याच्या वर वीतभर ठेवा.

मेघना_वारजे · मंगळवार, रात्री ९:०५

काका, झालं! लिंबूसत्वाने थर निघाला, कड हाताला गुळगुळीत लागते. नवा वायसर, टेप शून्य, हात घट्ट आणि पाव फेरा. जाळीत खरंच टेपच्या चिंध्या होत्या, मशीनमध्ये आता पाणीही भराभर येतं. दोन्ही नट कोरडे.

पण हँडलखालची पट्टी अजून ओली होते. म्हणजे तुम्ही म्हणालात तशी तिथेही गळती आहेच. नळ जुन्या पद्धतीचा आहे, तीन-चार फेरे फिरवून उघडणारा.

नाना_फिटर · मंगळवार, रात्री ९:३०

छान केलंत! आता दांडीचं बघू. बाल्कनीच्या लाइनीचा मेन कॉक बंद करा, नळ उघडून पाणी काढून टाका. हँडलच्या डोक्यावरची टोपी उचकटून आतला स्क्रू काढा, हँडल वर येईल. खाली दांडीभोवती छोटा षट्कोनी नट दिसेल, तो ग्लँडचा. आधी तो थोडासाच आवळा. हँडल जड व्हायला लागलं की थांबा. बरेचदा एवढ्याने भागतं.

नाही भागलं तर तो नट काढून दांडीभोवतीचं जुनं पॅकिंग टोकदार काडीने काढा. टेप पिळून दोरा करा, दांडीभोवती तीन-चार वेढे घालून खाली दाबा आणि नट परत लावा. इथे टेप चालते, कारण ती पॅकिंग म्हणून भरली जाते. पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ असतात त्यांना हे लागू नाही. त्यांच्यात आतला अख्खा स्पिंडल बदलावा लागतो.

अनघा_ठाणे · बुधवार, सकाळी १०:१५

धागा वाचनखुणेत ठेवला. माझा प्रश्न गीझरचा. १५ लिटरचा आहे, गरम व्हायला लागला की खालून थेंब थेंब पडतात, थंड असताना पूर्ण बंद. कनेक्शन पाइपचे वायसर बदलले तरी तेच.

नाना_फिटर · बुधवार, सकाळी ११:००

अनघाताई, थंड पाण्याच्या बाजूला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असेल, त्याच्या बाजूच्या बारीक तोंडातून थेंब पडतायत का बघा. तसं असेल तर ती गळती नव्हे. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे दीड टक्का फुगतं. १५ लिटरला साधारण २०० मिलिलिटर जास्त झालं, ते कुठेतरी जायला हवं. व्हॉल्व्ह ते सोडतो. त्या तोंडाला बूच मारू नका, एम-सील लावू नका. ते बंद केलं तर प्रेशर टाकीत साठतं, आणि टाकी फुटू शकते. बारीक नळी लावून ते पाणी मोरीत सोडा. गीझर पूर्ण थंड असतानाही थेंब पडत राहिले तर मात्र व्हॉल्व्हची स्प्रिंग गेलीय किंवा इमारतीचं प्रेशर जास्त आहे. ते मेकॅनिकला दाखवा.

पाइपचं काम करताना गीझरचा स्विच नव्हे, एमसीबीच पाडा आणि पाणी निवू द्या. गरम बाजूला साधा काळा वायसर लवकर कडक होतो, गरम पाण्याला चालणारा मागून घ्या.

सुजाता_डोंबिवली · बुधवार, दुपारी १२:३०

शेवटचा प्रश्न, काका. संडासातल्या जेटची स्टीलची नळी कड्याजवळून गळते. वायसर नवा घातला तरी पाणी नटातून नाही, जाळीच्या आतून येतंय.

नाना_फिटर · बुधवार, दुपारी १:१०

मग नळी गेली, ती दुरुस्त होत नाही. आतली रबरी नळी फाटली आहे, वरची जाळी फक्त तिला फुगू देत नव्हती. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडच्या आणि ब्लीचच्या वाफांनी स्टीलची जाळी कुजते, तारा एकेक तुटतात, आणि मग एके रात्री नळी फुटते. नवी घ्या, अ‍ॅसिडची बाटली तिच्याखाली ठेवू नका, फरशी धुतल्यावर नळीवर साधं पाणी मारा. बेसिनखालच्या आणि गीझरच्या पाइपांनाही हेच. गंजाचे ठिपके किंवा तुटलेली तार दिसली की गळायची वाट न बघता बदला, आणि काहीच दिसलं नाही तरी पाच एक वर्षांनी बदला.

जेट वापरून झालं की भिंतीतला अँगल कॉक बंद करायची सवय घरात सगळ्यांना लावा. नुसता खटका सोडला तर नळी दिवसरात्र पूर्ण प्रेशरखाली राहते. मेघनाताई, तुमच्या मशीनच्या नळालाही हेच, कपडे धुऊन झाले की नळ बंद.

मेघना_वारजे · बुधवार, रात्री ९:४५

ग्लँड नट थोडासा आवळला, पॅकिंगपर्यंत जावंच लागलं नाही. पाचही पट्ट्या कोरड्या आहेत. नळ बंद करायची चिठ्ठी मशीनवर चिकटवलीय. उद्या उरलेले वायसर घेऊन खालच्या काकूंकडे जाते, त्यांच्या मशीनचा पाइपही टेपवालाच आहे.

नाना_फिटर · बुधवार, रात्री १०:००

जा. त्यांच्याकडेही आधी पट्ट्या लावा, मग पाना हातात घ्या. छताची ओल पूर्ण वाळेपर्यंत रंग लावू नका म्हणावं, नाहीतर पोपडे येतील.